मेंबरशिप चालवताय? मग हे पाच आकडे दर महिन्याला वहीत हवेतच!



मागच्या व्हिडिओत आपण मेंबरशिपची फी कशी ठरवायची ते पाहिलं. आज त्याची पुढची पायरी बघूया. फी ठरली, बोर्ड लागला, मेंबर यायला लागले. आता धंदा बरा चाललाय की नाही, हे तुम्ही कशावरून ओळखणार?

हा प्रश्न मी कार्यशाळेत विचारला की दहापैकी आठ जण सांगतात, "सर, आमच्याकडे ८० मेंबर झाले!" मग मी विचारतो, "त्यातले गेल्या वर्षीचे किती?" की हॉल शांत होतो.

मी हसत नाही. कारण एके काळी मीही असाच गप्प बसलो होतो. ती गोष्ट आधी सांगतो, मग आकड्यांकडे वळूया.

माझी ४० मेंबरांची फजिती

माझा पहिला धंदा म्हणजे तालुक्याच्या गावात काढलेली अभ्यासिका. एक हॉल, ४५ खुर्च्या, महिन्याला १२,००० रुपये भाडं. स्पर्धा परीक्षा करणारी आणि पोलीस भरतीची तयारी करणारी मुलं-मुली यायची. महिन्याची फी ७०० रुपये होती. जानेवारीत मी ऑफर काढली: वर्षाचे पैसे एकदम भरा, फक्त ६,००० रुपये! दहा दिवसांत ४० जणांनी पैसे भरले. हातात २,४०,००० रुपये आले. इतके पैसे मी एकत्र कधी पाहिलेच नव्हते.

मग काय केलं? दोन एसी बसवले, मोठा इन्व्हर्टर घेतला, लाइटचा बोर्ड लावला. मार्चपर्यंत पैसे संपले.

एप्रिलमध्ये एसीमुळे वीजबिल वाढलं आणि तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. ४५ पैकी ४० खुर्च्यांवर जे बसले होते, त्यांच्याकडून डिसेंबरपर्यंत एक रुपयाही येणार नव्हता. उरल्या ५ खुर्च्या. म्हणजे महिन्याला ३,५०० रुपये. भाडं १२,०००. खुर्च्या भरलेल्या, गल्ला रिकामा! जुलैमध्ये बायकोच्या पाटल्या पतसंस्थेत गहाण ठेवल्या. ती काही बोलली नाही, पण त्या वर्षी दिवाळीत तिच्या रिकाम्या मनगटाकडे माझं रोज लक्ष जायचं.

डिसेंबर संपला. ४० पैकी ११ जणांनीच पुन्हा फी भरली. बाकीचे २९ का गेले? परीक्षा झाली म्हणून? वायफाय चालत नव्हतं म्हणून? समोरच्या गल्लीत दुसरी अभ्यासिका निघाली म्हणून? मला एकाचंही कारण सांगता येईना. माझ्या वहीत दोनच रकाने होते: नाव आणि पैसे.

पाटल्या सुटायला दीड वर्ष लागलं. त्या दीड वर्षात मी जे शिकलो, तेच आज तुम्हाला सांगतोय: मेंबरशिपचा धंदा मेंबर जोडल्यावर संपत नाही, तिथून तो सुरू होतो. म्हणून तुमचं ध्येय मेंबर टिकण्याचं हवं, आणि ते वहीत आकड्याने लिहिलेलं हवं.

ध्येय म्हणजे नेमकं काय?

"यंदा मेंबरशिप वाढवायची" ही झाली इच्छा. ध्येय लिहायची एक साधी पद्धत बऱ्याच जणांना नावाने माहीत असते: 'स्मार्ट' ध्येय. जॉर्ज डोरन यांनी १९८१ मध्ये व्यवस्थापनाच्या एका मासिकात लेख लिहून ती मांडली. पाच अक्षरं, पाच अटी. आज बहुतेक ठिकाणी त्यातल्या 'ए' चा अर्थ 'साध्य होण्याजोगं' असा शिकवतात. पण डोरन यांच्या मूळ लेखात 'ए' म्हणजे 'असाइनेबल', म्हणजेच ते काम कोणाकडे दिलंय हे स्पष्ट असणं.

छोट्या धंद्यात मला हा मूळ अर्थच जास्त उपयोगी वाटतो. आपल्याकडे "आपण करू" असं ठरतं आणि मग ते कोणीच करत नाही. नवरा समजतो बायको फोन करेल, बायको समजते काउंटरवरचा मुलगा करेल, आणि मुलगा समजतो मालक करतील.

म्हणून आपल्यापुरतं सोपं करूया. प्रत्येक ध्येयात या चार गोष्टी असल्याच पाहिजेत:

- आज आकडा किती आहे आणि किती करायचाय
- कोणत्या तारखेपर्यंत
- कोण करणार (एकच नाव)
- कुठे लिहिणार (वही, रजिस्टर की गुगल शीट)

यातलं एक जरी राहिलं, तरी ती पुन्हा इच्छाच झाली.

आता ते पाच आकडे. समजायला सोपं जावं म्हणून आपण सगळीकडे एकच उदाहरण घेऊ: ६० खुर्च्यांची अभ्यासिका, महिन्याची फी १,००० रुपये. हे आकडे फक्त हिशेब समजण्यापुरते आहेत. तुमचे स्वतःचे आकडे घालून हिशेब करा. जिम असो, मेस असो, योगवर्ग असो, रीत हीच.

आकडा १: किती मेंबर असले की खर्च भागतो?

आधी महिन्याचा खर्च मांडा:

- भाडं: १८,०००
- वीज: ७,०००
- वायफाय आणि पाण्याचे जार: २,५००
- सफाई आणि रात्रीचा माणूस: ८,५००
- किरकोळ दुरुस्ती: २,०००

एकूण ३८,००० रुपये. फी १,००० असेल तर ३८ मेंबर झाले की खर्च निघाला. बरेच जण इथेच थांबतात आणि ३९व्या मेंबरपासून नफा धरतात.

थांबा. तुमचा स्वतःचा पगार कुठाय? तुम्ही सकाळी सहाला शटर उघडता, रात्री हिशेब करता. हेच काम दुसरीकडे केलं असतं तर पगार मिळाला नसता का? समजा १५,००० रुपये धरले. आता खर्च ५३,००० आणि लागणारे मेंबर ५३.

६० पैकी ५३! म्हणजे फक्त ७ खुर्च्या रिकाम्या राहिल्या तर चालतील. हा आकडा पाहिल्याबरोबर तुमचा विचार बदलतो. कोणी म्हणालं, "मला ७०० मध्ये द्या ना," तर तुम्हाला लगेच कळतं की अशा दहा जणांना हो म्हटलं तर महिन्याला ३,००० रुपये कमी येणार.

ध्येय असं लिहा: "आज ५० फी भरणारे मेंबर आहेत. ३० सप्टेंबरपर्यंत ५३ करायचे. जबाबदारी माझी. दर महिन्याच्या शेवटच्या दिवशी रजिस्टरमध्ये लिहिणार."

आकडा २: मुदत संपलेल्यांपैकी किती जणांनी रिन्यू केलं?

आजच्या लेखातला सगळ्यात महत्त्वाचा आकडा हाच. बाकी काही मोजलं नाही तरी हा मोजा.

रिन्यूचा टक्का = पुन्हा फी भरलेले ÷ या महिन्यात मुदत संपलेले × १००

खाली 'एकूण मेंबर' घ्यायचे नाहीत, ज्यांची मुदत या महिन्यात संपली तेवढेच घ्यायचे. ज्याने वर्षाची फी भरली आणि अजून सहा महिने बाकी आहेत, तो 'टिकला' असं धरलं तर टक्का उगाच मोठा दिसतो. माझं नेमकं तेच झालं होतं. वर्षभर मला वाटत होतं की ४० च्या ४० मेंबर टिकलेत!

आता उदाहरण बघा. ५० जणांची मुदत संपली, ४२ जणांनी पुन्हा भरली. टक्का ८४. ऐकायला बरा वाटतो ना? आता पुढचा हिशेब करा.

- ८४ टक्के म्हणजे दर महिन्याला १६ टक्के लोक जातात. मेंबर सरासरी किती महिने राहतो, हे काढायला १ ला ०.१६ ने भागा. साधारण सव्वासहा महिने. म्हणजे एका मेंबरकडून सुमारे ६,२५० रुपये.
- टक्का ९० झाला तर १ भागिले ०.१०, म्हणजे १० महिने. एका मेंबरकडून १०,००० रुपये.

टक्का फक्त सहाने वाढला, पण मेंबरमागे ३,७५० रुपये वाढले! आणि त्यासाठी एकही पत्रक वाटावं लागलं नाही.

आणखी एक बाजू. ५० पैकी ८ गेले, तर ५३ चं ध्येय गाठायला ११ नवीन मेंबर हवेत. ५ च गेले असते तर ८ पुरले असते. दर महिन्याला ३ नवीन माणसं शोधण्याचे कष्ट वाचले.

एक गैरसमज इथेच दूर करूया. महिन्याच्या फीतला ९० टक्के आणि वर्षाच्या फीतला ९० टक्के या वेगवेगळ्या गोष्टी आहेत. दर महिन्याला १०० पैकी ९० टिकले, तर बारा महिन्यांनंतर मूळ १०० पैकी साधारण २८ उरतात. ८४ टक्क्यांनी १२ च उरतात. म्हणून कोणी "आमचा ९० टक्के आहे" म्हणालं तर विचारा, महिन्याचा की वर्षाचा?

अमेरिकेतली कॉस्टको ही मोठी दुकानसाखळी तर मेंबरशिपवरच उभी आहे. वार्षिक फी भरल्याशिवाय तिथे खरेदी करता येत नाही. १ सप्टेंबर २०२४ पासून त्यांनी साध्या मेंबरशिपची फी ६० वरून ६५ डॉलर केली. एवढी मोठी कंपनी, पण दर तिमाहीच्या निकालात रिन्यूचा टक्का सांगते. अमेरिका आणि कॅनडात तो ९० च्या वर असतो, आणि तोही वार्षिक फीचा! अब्जावधींची कंपनी हा आकडा मोजते, तर ६० खुर्च्यांच्या मालकाने तो का मोजू नये?

गेलेल्या प्रत्येकाचं कारण लिहा. दोनच रकाने करा:

- आपल्या हातात नसलेलं: परीक्षा झाली, निवड झाली, गाव बदललं, लग्न ठरलं
- आपल्या हातात असलेलं: वायफाय, आवाज, अस्वच्छ टॉयलेट, फी, वागणूक

निवड होऊन कोणी गेलं तर पेढे घ्या, फोटो काढा, आनंद करा. तिथे ध्येय ठेवायचं नाही. ध्येय दुसऱ्या रकान्यासाठी.

ध्येय असं लिहा: "हातातल्या कारणांमुळे जूनमध्ये ५ जण गेले. ३० सप्टेंबरच्या आत ही संख्या महिन्याला २ वर आणायची. गेलेल्या प्रत्येकाला सात दिवसांच्या आत फोन. फोन मीच करणार."

आकडा ३: नवीन मेंबर पहिल्या १५ दिवसांत किती दिवस आला?

माणूस फी भरणं एका दिवसात बंद करतो. येणं मात्र त्याच्या कितीतरी आधी कमी झालेलं असतं. म्हणून रिन्यूची काळजी शेवटच्या आठवड्यात करून उपयोग नाही.

स्टेफानो डेलाविन्या आणि उलरिके मालमेंडिअर या दोन अर्थशास्त्रज्ञांचा २००६ मधला एक अभ्यास प्रसिद्ध आहे. त्यांनी अमेरिकेतल्या तीन हेल्थ क्लबच्या नोंदी तपासल्या. महिन्याला ७० डॉलरपेक्षा जास्त फीचा करार घेतलेले मेंबर महिन्यात सरासरी ४.३ वेळाच आले. म्हणजे प्रत्येक खेपेला त्यांना १७ डॉलरपेक्षा जास्त पडले. त्याच क्लबमध्ये दहा खेपांचा पास घेतला असता तर एक खेप १० डॉलरला पडली असती. माणूस मेंबरशिप घेताना स्वतःच्या उत्साहाचा अंदाज जास्त धरतो, हा त्यातला धडा.

आता कोणी म्हणेल, "मग चांगलंच की! येत नाही आणि पैसे भरतो." तालुक्याच्या गावात असं म्हणू नका. न येणारा मेंबर चार महिने भरेल, पाचव्या महिन्यात "पैसे वाया गेले" म्हणत जाईल आणि चहाच्या टपरीवर तेच सांगेल. आपल्या गिऱ्हाइकाचं गिऱ्हाईक त्याच टपरीवर बसलेलं असतं.

काय करायचं? हजेरीचं रजिस्टर तर असतंच. त्यात नवीन मेंबरचं नाव लाल पेनाने लिहा. पहिल्या १५ दिवसांत तो किमान १० दिवस आला का, एवढंच बघा. सलग ३ दिवस आला नाही तर फोन करा. वसुलीच्या आवाजात नाही, घरच्यासारखा: "काय दादा, बरं आहे ना? जागा बदलून हवी आहे का? पंख्याखालची खुर्ची रिकामी झालीय."

ताई-दादांनो, या एका फोनमधून जे कळतं ते कुठल्याच फॉर्ममधून कळत नाही. एका मुलीने मला सांगितलं होतं, "सर, संध्याकाळी सातनंतर जिन्यात अंधार असतो, घरचे पाठवत नाहीत." जिन्यात एक बल्ब लावला. ती परत आली, आणि महिन्याभरात तिच्या दोन मैत्रिणीही आल्या.

ध्येय असं लिहा: "जूनमधल्या १० नवीन मेंबरांपैकी ६ जण पहिल्या पंधरवड्यात १० दिवस आले. ऑगस्टमध्ये हे प्रमाण १० पैकी ८ करायचं. फोनची जबाबदारी काउंटरवरच्या मुलाची. दर शनिवारी मी रजिस्टर तपासणार."

आकडा ४: ५ तारखेपर्यंत किती फी जमा झाली?

मेंबर ५० आहेत, पण पैसे भरलेत ३४ जणांनी. बाकीचे "उद्या देतो सर". घरमालक मात्र उद्यावर ऐकत नाही.

पहिली अडचण अशी असते की प्रत्येक मेंबर वेगळ्या तारखेला आलेला असतो. कुणाची ३ ला संपते, कुणाची १९ ला. लक्ष ठेवता ठेवता नाकीनऊ येतात. त्यावर सोपा उपाय: सगळ्यांना १ तारखेवर आणा. कोणी १८ जूनला आला तर जूनच्या उरलेल्या १३ दिवसांचे साधारण ४३० रुपये घ्या आणि १ जुलैपासून पूर्ण फी. सुरुवातीला दोन-चार जण कुरकुरतात, मग सवय होते. आकडा २ काढणंही यामुळे सोपं होतं.

दुसरी अडचण असते आठवण करून देण्याची. २८ तारखेला एक व्हॉट्सअॅप संदेश, ३ तारखेला दुसरा, ५ तारखेला फोन. हा क्रम ठरवून ठेवा, म्हणजे दरवेळी "आता विचारू का नको" असा संकोच राहत नाही. ज्यांचे मेंबर जास्त आहेत त्यांना यूपीआय ऑटोपेचा मार्गही आहे. एनपीसीआयने जुलै २०२० मध्ये ही सोय आणली. मेंबरने एकदा परवानगी दिली की ठरलेल्या तारखेला फी आपोआप जाते आणि आधी त्याला सूचना मिळते. पण २०-३० मेंबर असतील तर वही आणि फोन पुरेसे आहेत. उगाच सॉफ्टवेअरच्या मागे लागू नका.

ध्येय असं लिहा: "५ तारखेपर्यंत आज ५० पैकी ३४ जणांची फी येते. ५ सप्टेंबरपर्यंत ४५ जणांची यावी. संदेश पाठवण्याचं काम बायकोकडे (तिने आनंदाने घेतलंय!), फोन माझ्याकडे."

आकडा ५: हातातल्या पैशांपैकी अजून न कमावलेले किती?

हा आकडा पाळला असता तर माझ्या पाटल्या वाचल्या असत्या.

वर्षाची फी हातात आली म्हणजे ती कमाई झाली असं नाही. ती मेंबरची ठेव आहे. तुम्ही महिनाभर सेवा दिली की त्यातला एक बारावा हिस्सा तुमचा.

समजा २० जणांनी जानेवारीत प्रत्येकी ९,६०० रुपये भरले. एकूण १,९२,०००. महिन्याला एकामागे ८०० रुपये, म्हणजे २० जणांचे १६,००० रुपये तुम्ही कमावता. मार्चअखेर तुमचे झाले ४८,०००. उरलेले १,४४,००० रुपये अजून मेंबरचेच आहेत.

करायचं काय? बँकेत वेगळं खातं उघडा. वार्षिक फी त्यातच जमा करा. दर महिन्याच्या ३० तारखेला त्यातून फक्त त्या महिन्याचा हिस्सा धंद्याच्या खात्यात घ्या. मार्चअखेर त्या खात्यात १,४४,००० असायलाच हवेत. कमी असतील तर तेवढं कर्ज तुमच्या डोक्यावर आहे, भले तुम्ही कुणाकडून उसने घेतलेले नसोत.

आणखी एक नियम मी स्वतःला घालून घेतलाय: वार्षिक मेंबर एकूण जागांच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त घ्यायचे नाहीत. ६० खुर्च्या असतील तर २०. बाकीच्या जागांवरून दर महिन्याला पैसा फिरता राहिला पाहिजे.

जाता जाता कराची एक गोष्ट. महाराष्ट्रात सेवा देणाऱ्या धंद्याची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या पुढे गेली की जीएसटी नोंदणी लागते, आणि सेवांमध्ये आगाऊ घेतलेल्या रकमेवरही कर देणं येतं. तुम्ही त्या मर्यादेजवळ असाल तर वार्षिक ऑफर काढण्याआधी सीएंशी बोला.

ध्येय असं लिहा: "राखीव खात्यात दर महिनाअखेर उरलेले महिने × ८०० × वार्षिक मेंबर एवढी रक्कम हवीच. एक रुपयाही कमी नाही. तपासणार मी, आणि सोबत घरातलं दुसरं एक माणूस."

दुसरं माणूस का? कारण स्वतःचं पासबुक स्वतःच तपासणारा माणूस स्वतःला लवकर माफ करतो. अनुभवाचे बोल!

सावध! आकडाच डोक्यावर बसू शकतो

ब्रिटिश अर्थतज्ज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५ मध्ये मांडलेला एक विचार आपल्या भाषेत असा सांगता येईल: ज्या आकड्यावर बक्षीस किंवा शिक्षा ठेवाल, तो आकडा खरी परिस्थिती सांगेनासा होतो.

धंद्यात हे कसं घडतं? काउंटरवरच्या मुलाला सांगितलं, "नवीन मेंबरमागे १०० रुपये." तो येईल त्याला वाटेल ते सांगून नाव लिहून घेतो: "एसी चोवीस तास, वायफाय फास्ट, लॉकर फ्री." महिन्याने तो मेंबर भांडून जातो. मुलाचे १०० रुपये गेले तुमच्या खिशातून, नाव खराब झालं तुमचं. त्यापेक्षा बक्षीस तिसऱ्या महिन्याची फी आल्यावर द्या. मग तो मुलगा आपणहून मेंबरची काळजी घेईल.

दुसरा सापळा रिन्यूच्या टक्क्याचा. टक्का वाढवायला काही जण जाणं अवघड करून ठेवतात. डिपॉझिट अडकवतात, फोन उचलत नाहीत, ॲपमध्ये 'रद्द करा'चं बटण लपवतात. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ग्राहकाला फसवणाऱ्या ऑनलाइन युक्त्यांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात १३ प्रकार दिलेत आणि 'सबस्क्रिप्शन ट्रॅप' हा त्यातला एक. पण कायदा बाजूला ठेवा. दार बंद करून ठेवलेला माणूस टिकलेला नसतो, अडकलेला असतो. जाणाऱ्याचं डिपॉझिट त्याच दिवशी हसतमुखाने परत द्या. पुढच्या परीक्षेच्या वेळी तो परत येतो आणि धाकट्या भावालाही आणतो.

तुमचा धंदा वेगळा असेल तर?

- मेस: कार्डवरचे किती डबे न खाता राहिले, हा तुमचा आकडा ३. महिन्यात दहापेक्षा जास्त डबे चुकले तर भाजीची चव विचारा.
- जिम: जानेवारीत गर्दी आणि मार्चमध्ये सन्नाटा, हे तुम्हाला माहीत आहेच. जानेवारीत आलेल्यांपैकी एप्रिलमध्ये किती जण फी भरतात, ते वेगळं लिहा.
- योगवर्ग, नृत्यवर्ग: मे महिन्याची सुट्टी आणि दिवाळी धरूनच ध्येय ठेवा. सुट्टीआधीच्या आठवड्यात परतण्याची तारीख प्रत्येकाकडून लिहून घ्या.
- सलून, पार्लरचं पॅकेज: पाच खेपांच्या पॅकेजमध्ये दुसरी खेप किती दिवसांत झाली, ते बघा. ती लांबली की पुढच्याही लांबतात.

अभ्यासिकावाल्यांनी परीक्षांच्या तारखा भिंतीवर लावाव्यात. परीक्षा झाली की खुर्च्या रिकाम्या होणारच. ते अपयश नाही, हंगाम आहे. या जूनची तुलना गेल्या जूनशी करा, मे महिन्याशी नको.

महिन्यातून एकदा, अर्धा तास

दर महिन्याच्या १ तारखेला शटर उघडायच्या आधी चहाचा कप घेऊन बसा. एका पानावर एवढंच लिहा:

१. फी भरणारे मेंबर: ___ (लागणारे: ___)
२. मुदत संपलेले ___, रिन्यू ___, टक्का ___. हातातल्या कारणाने गेलेले ___
३. नवीन ___, त्यातले १० दिवस आलेले ___
४. ५ तारखेपर्यंत फी भरणारे ___ (मागच्या महिन्याचे)
५. राखीव खात्यात हवेत ___, आहेत ___

खाली एकच ओळ: "या महिन्यात मी कोणता आकडा सुधारणार?" एकच. पाचही एकदम सुधारायला गेलात तर एकही सुधारणार नाही. आणि ८४ वरून थेट ९८ असं लिहू नका. आधी ८७, मग ९०. गाठता येणारं ध्येय गाठलं की पुढच्याची उमेद येते.

तुमचा गृहपाठ

१. आज रात्री खर्च मांडा, स्वतःचा पगार धरा आणि आकडा १ काढा. वीस मिनिटांचं काम आहे.
२. गेल्या तीन महिन्यांत गेलेल्या मेंबरांची यादी करा. त्यातल्या पाच जणांना उद्या फोन करा. परत बोलवायला नाही, फक्त कारण विचारायला. ऐकून घ्या, वाद घालू नका.
३. वार्षिक फी घेतली असेल तर न कमावलेली रक्कम काढा आणि खात्यात तेवढे पैसे आहेत का ते बघा. नसतील तर घाबरू नका, पण नवीन वार्षिक ऑफर आजपासून बंद.
४. एका आकड्यासाठी ९० दिवसांचं ध्येय लिहा. चारही गोष्टी असू द्या: किती, कधीपर्यंत, कोण, कुठे.

अजून मेंबरशिप सुरू केली नसेल तर फारच छान! पहिल्या मेंबरचं नाव लिहायच्या आधी वहीत पाच रकाने आखा: नाव, आल्याची तारीख, मुदत, हजेरी, आणि गेला तर कारण. माझ्या वहीत दोनच होते, आणि उरलेल्या तिघांची किंमत मी पाटल्या गहाण ठेवून मोजली. तुम्हाला ती मोजावी लागू नये, एवढ्यासाठीच हा लेख.

पुढच्या व्हिडिओत आपण बघूया की फी वाढवायची असेल तर जुन्या मेंबरला ते कसं आणि कधी सांगायचं. तोपर्यंत वही उघडा, पेन घ्या, आणि पहिला आकडा लिहा.

भेटूया!